पाण्यातल्या वेशी

पावसाळा सरतो, नद्यांचा गढूळपणा ओसरू लागतो आणि मांडवीच्या मुखाशी होड्यांची वर्दळ पुन्हा सुरू होते. सिकेरीपासून आग्वादच्या टोकापर्यंत मग एकच आरोळी ऐकू येते : डॉल्फिन दाखवतो, न दिसल्यास पैसे नकोत. ही हमी देणारा होडीवाला सहसा तोट्यात जात नाही. किनाऱ्यापासून फार दूर न जाता, ओळखीच्या पाण्यात, ओळखीच्या वेळी करड्या पाठी वर येतातच. पर्यटक हर्षभरित होतो, छायाचित्र घेतो आणि माघारी वळतो. एवढा समुद्र मोकळा असताना हा प्राणी नेमका इथेच का सापडतो, हा प्रश्न त्या गडबडीत कोणाला पडत नाही.

तो पडावयास हवा. कारण या डॉल्फिनांच्या हालअपेष्टांविषयी कोणी चिंता व्यक्त केली, की एक ठरावीक उत्तर पुढे केले जाते. बंदराचा गाळ उपसावा लागणारच, होड्या वाढणारच, जाळ्यात एखादा डॉल्फिन गुदमरणारच. समुद्र अफाट आहे, इथले गेले तर दुसरे येतील. असे बोलणारी माणसे अडाणी असतात असे नाही. अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या सुशिक्षितांच्या तोंडूनही आम्ही हे ऐकले आहे. वाघाविषयी असे कोणी म्हणत नाही, कारण वाघाला त्याचे रान लागते हे सर्वांना उमगलेले आहे. समुद्राला मात्र आपण अजूनही एक अखंड, एकजिनसी पाण्याचा पसारा समजतो. गेल्या सुमारे तीस वर्षांत जनुकशास्त्राने जे दाखवून दिले आहे ते नेमके याच्या उलट आहे. समुद्रालाही वेशी आहेत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण डॉल्फिनांच्या रक्तात त्या उमटलेल्या आहेत.

गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने दिसतो तो कुबडा डॉल्फिन. पाठीवर मांसल उंचवटा आणि त्यावर बसलेला लहानसा पर, ही त्याची खूण. मालवणकडचा मच्छीमार त्याला गादा म्हणतो. शास्त्राने त्याला सूसा प्लुंबिया हे नाव दिले आहे. प्लुंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. या नावाचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. 1829 साली जॉर्ज क्यूव्हिए या थोर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने ते दिले आणि ज्या नमुन्यावरून दिले, तो द्युसुमिए नावाच्या फ्रेंच प्रवासी व्यापाऱ्याने मलबार किनाऱ्यावर मिळवलेला होता. दक्षिण आफ्रिकेपासून अरबस्तान व इराणचे आखात ओलांडून भारतापर्यंत पसरलेल्या एका संपूर्ण प्रजातीचे बारसे असे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील एका प्राण्यावरून झाले. पुढे दीर्घकाळ वाद चालला तो निराळाच : आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे सारे कुबडे डॉल्फिन एकच मानावयाचे की अनेक? हाडे, दात, रंग आणि जनुके या सर्वांचा एकत्रित विचार करून 2014 साली जेफरसन आणि रोझेनबाउम या शास्त्रज्ञांनी चार प्रजाती मांडल्या. एक पश्चिम आफ्रिकेची, दुसरी हिंदी महासागराची म्हणजे आपली, तिसरी आग्नेय आशिया व चीनची आणि चौथी ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या समुद्रातली.

परंतु प्रजातीपाशी ही गोष्ट थांबत नाही; खरे तर तिथून ती सुरू होते. 2011 साली मार्टिन मेंडेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि ओमान या चार किनाऱ्यांवरील 94 कुबड्या डॉल्फिनांच्या पेशींतील तंतुकणिकांचे जनुकद्रव्य त्यांनी तपासले. हे द्रव्य अपत्याला फक्त आईकडून मिळते. त्यामुळे ते वाचणे म्हणजे मातृवंशाची वंशावळ वाचणे होय. दुसऱ्या हाताला त्यांनी उपग्रहांनी टिपलेली 13 वर्षांची सागरी माहिती ठेवली आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या. जे दिसले ते विलक्षण होते. ओमानचे डॉल्फिन वेगळे, टांझानियाचे वेगळे. फक्त दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्यात तसा भेद आढळला नाही. सागरी परिस्थितीही जवळपास सर्वत्र एकमेकींपासून भिन्न होती आणि जिथे ती काही अंशी जुळत होती, ती जागा पुन्हा तीच, दक्षिण आफ्रिका व मोझांबिक यांच्यामधली. पाणी जिथे बदलले, तिथे वंश बदलला. पाणी जिथे सारखे राहिले, तिथे वंशही मिसळत राहिला.

भारताचा किनारा या अभ्यासात नव्हता, हे आम्ही येथे स्पष्ट नमूद करतो. हा पुरावा केवळ मातृवंशाचा आहे आणि नरांची ये-जा त्यातून पुरती कळत नाही, हेही खरे. तरीही त्याचा रोख दुर्लक्षिता येण्याजोगा नाही.

जो प्राणी सहज शेकडो मैल पोहू शकेल, तो एका जागी खिळून का राहतो? उत्तर त्याच्या ताटात आहे. कुबडा डॉल्फिन हा उथळ पाण्याचा जीव. वीस-पंचवीस मीटरांहून खोल पाण्यात तो फारसा रमत नाही. नदीमुखे, खाड्या, खडकाळ टोके, चिखलट तळ ही त्याची शेते. दक्षिण आफ्रिकेत स्नानाच्या किनाऱ्यांवर शार्कपासून माणसांच्या रक्षणासाठी जाळी लावतात. त्या जाळ्यांत अडकून मेलेल्या कुबड्या डॉल्फिनांची पोटे तपासली, तेव्हा त्यांत नदीमुखांशी आणि किनाऱ्यालगतच्या खडकांशी बांधलेले मासे मोठ्या प्रमाणात निघाले. आपल्याकडे ज्यांना आपण शेवटे म्हणतो, तारले म्हणतो, ढोमा म्हणतो, त्या कुळांतलेच हे खाणे. आता शेवटे कोणत्या भरतीला खाडीत शिरतात, गढूळ पाण्यात ते कुठे दबा धरून बसतात, ओहोटीला कोणत्या अरुंद वाटेने परततात, हे ज्ञान त्या त्या खाडीपुरतेच खरे असते. मांडवीत शिकलेली विद्या ओमानच्या थंड, खोलातून वर उसळणाऱ्या पाण्यात कामाची नाही. पिल्लू वर्षानुवर्षे आईच्या कुशीला राहून हे शिकते. जो प्राणी घर सोडतो तो आपली सारी शिदोरी मागे टाकून जातो. सोडण्यात तोटा आणि राहण्यात फायदा असला, की पिढ्यान्‌पिढ्या प्राणी राहतो. राहिला की शेजाऱ्यांतच जोडी जमवतो. आणि मग हळूहळू, कोणी न ठरवता, त्या टापूचा वंश निराळा होत जातो. भिंत कोणी बांधलेली नसते; भुकेनेच ती उभी राहते.

पूर्वेकडेही हेच दिसते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला गंगा-ब्रह्मपुत्रेचे अवाढव्य गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येऊन पडतो, आणि त्याला लागूनच 'स्वॉच ऑफ नो ग्राउंड' ही खोल सागरी दरी आहे. बांगलादेशासमोरच्या या पाण्यातील कुबडे डॉल्फिन आणि बाटलीच्या मानेसारख्या आखूड चोचीचे बॉटलनोज डॉल्फिन यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही जातींचे प्राणी शेजारच्या समुद्रांतील आपल्या भाईबंदांपासून लक्षणीय वेगळे निघाले. दोन निरनिराळ्या जातींच्या बाबतीत एकाच ठिकाणी वेस पडते, तेव्हा ती योगायोगाने पडली असे म्हणणे कठीण जाते.

अन्नाचा हात याहून ठळक दिसतो तो अटलांटिकच्या पश्चिम काठावर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत आणि त्यापलीकडच्या खोल समुद्रात बॉटलनोज डॉल्फिन राहतात. दिसायला ते जवळपास सारखे. किनाऱ्याचा किंचित लहान. किनाऱ्यावरचा ढोमा-घोळीच्या कुळातील मासे खातो, तर खोल समुद्रातला बाहेरचे मासे आणि म्हाकुळे खातो. त्यांच्या पोटातील परजीवीदेखील निराळे. खोल समुद्रातल्याच्या रक्तात लाल द्रव्य अधिक असते, हे 1983 सालीच दाखवले गेले होते. खोल बुडी मारणाऱ्याला प्राणवायूचा साठा मोठा लागतो, तेव्हा ते साहजिकच म्हटले पाहिजे. 1998 साली हॉएल्झेल आणि सहकाऱ्यांनी जनुके तपासली, तेव्हा मातृवंशाचा पुरावा आणि दोन्ही पालकांकडून येणाऱ्या जनुकांचा पुरावा एकमुखाने बोलला : हे दोन समूह एकमेकांत मिसळत नाहीत. शेवटी 2022 साली किनाऱ्यावरच्या या डॉल्फिनाला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला. गंमत अशी, की कोप नावाच्या शास्त्रज्ञाने 1865 सालीच त्याला वेगळे नाव दिले होते आणि पुढच्या पंडितांनी ते अडगळीत टाकले होते. दीडशे वर्षांनी ते पुन्हा बाहेर काढावे लागले. दोन प्राणी एकाच समुद्रात, काही मैलांच्या अंतराने, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आणि तरी एक झाले नाहीत. त्यांच्यामध्ये होता तो फक्त ताटातील पदार्थाचा आणि पाण्याच्या खोलीचा फरक.

या साऱ्यांत आमच्या मनात घर करून राहिले आहे ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे. हे आखात उथळ आहे, सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे तिथे आहेत आणि मधूनमधून खोल पाण्याच्या नाळा आहेत. 1984 साली तिथे प्रथम एक डॉल्फिन चोचीवर काहीतरी चढवून फिरताना दिसला. तो विकार असावा असे वाटण्याजोगे ते दृश्य होते. निघाला तो समुद्रतळावरचा स्पंज. खोल नाळांच्या तळाशी, खडे-शिंपल्यांच्या थरात काही मासे दडून बसतात. त्यांच्या अंगात हवेची पिशवी नसते, त्यामुळे डॉल्फिनाने सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी त्यांच्याकडून नीट परतत नाही. ते हुडकायचे तर तळ उकरावा लागतो, आणि उकरताना चोच सोलवटते. म्हणून हा प्राणी स्पंज उपटतो, हातमोजा घालावा तसा तो चोचीवर चढवतो, तळ ढवळतो आणि मासा उसळला की स्पंज टाकून त्याच्यामागे धावतो. प्राण्यांनी हत्यार वापरल्याची उदाहरणे थोडी. समुद्रातली तर त्याहून थोडी.

ही विद्या कोणाकडून कोणाकडे जाते? 2005 साली क्र्युट्झेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्पंज वापरणारे जवळजवळ सर्व प्राणी एकाच मातृवंशाचे आहेत. ते कसब जनुकांत नाही. लेकरू, त्यातही विशेषतः मुलगी, ते आईकडून शिकते. 2014 साली याच आखातातून पुढची गोष्ट समोर आली. खोल नाळांतून वावरणाऱ्या डॉल्फिनांचे मातृवंश एक, आणि उथळ कुरणांवर वावरणाऱ्यांचे दुसरे. मध्ये डोंगर नाही, वाळवंट नाही. एका आखातातले चार-दोन मैलांचे पाणी आहे. मुलगी आईचे शेत राखते, आईची रीत राखते आणि ते शेत खोल असेल तर तिची मुलेही खोलातली होतात. जनुकांचा नकाशा अशा रीतीने शिकवणुकीचा नकाशा बनतो. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या, बापजाद्यांच्या मळ्याची नाडी ओळखणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

2011 साली या आखातावर सागरी उष्णतेची लाट आली आणि गवताची कुरणे मोठ्या प्रमाणावर मेली. त्यानंतरच्या वर्षांत डॉल्फिनांच्या जगण्याचे प्रमाण घटले. स्पंज न वापरणाऱ्यांत ते सुमारे 12 टक्क्यांनी, तर स्पंज वापरणाऱ्यांत सुमारे 6 टक्क्यांनी घटले. ज्यांच्या ताटात दुसरा पदार्थ होता ते थोडे तगले. हे संशोधन 2019 साली प्रसिद्ध झाले. एका आईने शोधलेली आणि लेकींनी जपलेली रीत हीदेखील निसर्गाची ठेव असते, आणि ती त्या समूहाबरोबरच नाहीशी होऊ शकते.

येथे कोणी चाणाक्ष वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेण्यासारखा आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाने दाखवले, की बॉटलनोज डॉल्फिनांचे किनारी समूह खोल समुद्रातील समूहांपासून जगाच्या निरनिराळ्या भागांत, स्वतंत्रपणे, वारंवार निर्माण झाले आहेत. किनाऱ्यावर उपयोगी पडणारी जनुके खोल समुद्रातल्यांमध्ये तुरळक प्रमाणात आधीच होती. किनारा मोकळा मिळाला तेव्हा निवडीने ती वर आणली. मग इथलेही संपले तर बाहेरून नवे येणार नाहीत काय? येतील, हजारो वर्षांनी. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वर आली, नवे किनारे तयार झाले आणि त्यांवर वस्ती बसत गेली, त्या गतीने. एखाद्या धक्क्याच्या किंवा पर्यटन-प्रकल्पाच्या आयुष्यात ते बसणारे नाही. आणि कुबड्या डॉल्फिनाला तर एवढाही आधार नाही. खोल समुद्रात त्याचे भाऊबंदच नाहीत. किनारा हेच त्याचे पहिले आणि शेवटचे घर.

लहान समूहाची अखेर कशी होते याचे उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर माउई नावाचा छोटा डॉल्फिन राहतो. दक्षिण बेटावरच्या त्याच्या नातलगांपासून तो वेगळी उपजात आहे, हे 2002 साली मान्य झाले. 2020-21 च्या मोजणीनुसार एक वर्षाहून मोठे माउई डॉल्फिन सुमारे 54 उरले होते. उभ्या टांगलेल्या जाळ्यांनी त्यांचा मोठा बळी घेतला. दक्षिणेकडे त्यांचे भाईबंद हजारोंनी आहेत. परंतु त्या हजारोंनी येऊन ही रिकामी जागा भरून काढलेली नाही. इथले गेले तर दुसरे येतील, या वचनाचा निकाल त्या किनाऱ्याने देऊन टाकला आहे.

आता आपल्याकडे वळू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीने 2017 साली त्याला धोक्यात आलेला ठरवले. 2020 च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी नदीतील व समुद्रातील डॉल्फिनांसाठी राष्ट्रीय प्रकल्पाची घोषणा केली. कागदावर उणे काही नाही. परंतु कायदा प्रजाती मोजतो आणि निसर्ग वंश राखतो. प्रजाती दूर कुठेतरी जिवंत आहे एवढ्याने सरकारी अहवालाचे समाधान होते. मांडवी-झुआरीच्या मुखाशी राहणारा समूह संपला तर त्या अहवालातील एकही आकडा हलणार नाही.

मुरगाव बंदराचा गाळ उपसताना, नवा धक्का बांधताना किंवा नद्यांतून जलमार्गाची वाहतूक वाढवताना होणारे परीक्षण पाण्याचा गढूळपणा मोजते. त्या गढूळ पाण्यात शिकार करणाऱ्या रहिवाशांची गणती त्यात असली पाहिजे. होड्यांनी किती अंतर राखावे, एका कळपाभोवती किती जमावे आणि पिल्लू दिसताच यंत्र बंद करावे, हे नियम होडीवाल्याला पाठ हवेत. त्याची हमी टिकायची तर त्याचे डॉल्फिन टिकले पाहिजेत. हे आमच्या मते त्याला इतरांपेक्षा लवकर पटेल.

मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी फॅशन शहरी निसर्गप्रेमींत आहे, तिच्यात आम्ही सामील नाही. गोव्यातील रापणकारांनी 1970 च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध जो लढा दिला, तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी होता. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्यातून आला. त्या पाण्यात रापणीला येणारे शेवटे आणि डॉल्फिनाच्या तोंडी जाणारे शेवटे एकच आहेत. 2017 साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशात होणाऱ्या मासेमारीला बंदी केली. तिची अंमलबजावणी कशी होते हे रात्री किनाऱ्यावर उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शेजारच्या केरळात तारल्यांचे उत्पन्न 2012 साली सुमारे 4 लाख टन होते, ते 2021 साली साडेतीन हजार टनांच्याही खाली आले. समुद्राच्या लहरीचा त्यात मोठा हात आहे. पण लहरी समुद्रात ताट एवढे रिते होऊ शकते, हे ध्यानात ठेवून उरलेले जपावे लागते. रापणकाराच्या पाण्याचे रक्षण झाले, तर डॉल्फिनाचे अर्धे काम होते. उरलेल्या अर्ध्यासाठी उभ्या जाळ्यांचा प्रश्न मच्छीमारांबरोबर बसून सोडवावा लागेल, आणि जाळे गमावणाऱ्याला भरपाई द्यावी लागेल.

यांतले काहीही होण्यापूर्वी एक साधी गोष्ट आजच करता येते. पावसाळ्यात आणि त्यानंतरही मेलेले डॉल्फिन आपल्या किनाऱ्यांवर लागतात. दुर्गंधी सुटते, तक्रार होते, खड्डा खणून देह पुरला जातो आणि प्रकरण मिटते. त्या देहाची नखाएवढी त्वचा मद्यार्कात बुडवून, तारीख आणि किनाऱ्याचे नाव लिहून ठेवली, तर त्याचा वंश कोणता आणि तो कोणाशी जुळतो हे वाचता येते. पोट उघडले तर तो काय खात होता तेही कळते. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था दोनापावल येथे आहे. वनखाते, पंचायती आणि किनाऱ्यावरचे जीवरक्षक यांना अशी एक बाटली आणि एक चिठ्ठी देण्यास कोणत्या मोठ्या योजनेची वाट पाहावी लागते, हे आम्हांस समजत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी त्या बाटल्या केळशीपासून केरीपर्यंत पोचल्या पाहिजेत.